एक खाच, दोन खाचा

यंदाही दसऱ्याच्या सकाळी सुनंदानं हॉलमध्ये पाट मांडला, त्यावर जुन्या शालूचा लाल तुकडा अंथरला आणि मला हाक मारली, "अहो, आणा तुमची हत्यारं." आमच्या घराण्यात तलवार वगैरे कधी नव्हती. वडील गवंडीकाम करायचे, ते थापी आणि ओळंबा ठेवायचे. मी जन्मभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझ्या वाटणीला मल्टिमीटर, स्क्रू-ड्रायव्हरचा संच आणि गेल्या दहा वर्षांपासून एक दुर्बीण. दुर्बीण पाटावर मावत नाही, ती बाजूला खुर्चीवर बसते आणि गळ्यात झेंडूची माळ घालून फोटो काढून घेते. कॅमेरा मात्र पाटावर असतो, आणि त्याच्या शेजारी तीन छोट्या गोल काचा. त्या काचांना हळद-कुंकू लावायचं नाही, फक्त एकेक पाकळी दुरून वाहायची, हा मीच घालून दिलेला नियम आहे.

या तीन काचांपायी मागच्या हिवाळ्यात मी एका माणसाला गमावून बसलो असतो. आज त्यांच्यावर पाकळी वाहताना हात जरा रेंगाळला, तो त्यामुळेच.

आधी या काचा काय करतात ते सांगायला हवं. आकाशात ताऱ्यांच्या अधेमधे वायूचे प्रचंड ढग आहेत, त्यांना आम्ही तेजोमेघ म्हणतो. नुसत्या डोळ्यांना ते जवळजवळ दिसतच नाहीत. शहरातून तर कॅमेऱ्यालाही दिसत नाहीत, कारण आमच्या इंदिरानगरात आता रात्र अशी होतच नाही. महापालिकेनं पांढरेशुभ्र दिवे लावलेत, हायवे अख्खा उजळलेला, आणि समोरच्या मंगल कार्यालयाचे लेझर लग्नसराईत थेट मृग नक्षत्रावर नेम धरतात. पण या ढगांची एक गंमत आहे. त्यातला हायड्रोजन एका ठरावीक लाल रंगातच चमकतो, गंधक त्याहून जरा गडद लालात, ऑक्सिजन निळसर हिरव्यात. आमची प्रत्येक काच फक्त आपल्या एका रंगाची बारीकशी चीर आत सोडते आणि बाकी सगळा उजेड बाहेर ठेवते. भाजीबाजारात इतका गलबला असतानाही आईला आपल्या पोराचं रडणं बरोबर ऐकू येतं, तसं काहीसं हे आहे. मग दहा-दहा मिनिटांचे फोटो, एकावर एक, रात्रीमागून रात्री रचत जायचे. महिन्याभरानं त्या काळ्या चौकटीत काहीतरी हलकेच उमलायला लागतं. या वेडात पडलेल्या माणसाला घरातलं कुणी फारसं विचारत नाही.

सुदैवानं माझ्या वेडाला सोबत होती. इक्बालभाई. नाशिक रोडला त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, वडिलांच्या वेळचं. मी पहिल्यांदा गेलो तो दुर्बिणीच्या स्टँडचा एक तुटलेला बोल्ट घेऊन. त्यांनी तो हातात फिरवून पाहिला, हा कशाचा म्हणून विचारलं, आणि माझं उत्तर ऐकून मशीन बंद केलं. मला वाटलं होतं पाच मिनिटांचं काम आहे. तिथून उठायला मला दुपार झाली. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःची दुर्बीण घेतली, आणि तिच्यासाठी गच्चीवर असा भक्कम लोखंडी खांब उभा केला की रेल्वेची मालगाडी जवळून गेली तरी तारा जागचा हलत नसे. शिकले दहावीपर्यंत, पण हातात जे कसब आहे ते माझ्यासारख्या चार एम.एस्सी. झालेल्यांना वाटून उरेल. मला ते सर म्हणतात, मी त्यांना भाई. आम्ही दोघंही साठीच्या अलीकडे-पलीकडे, आणि दोघांच्याही बायका आम्हाला एकाच सुरात हसतात.

मागच्या वर्षी पाऊस संपता संपता तिन्ही काचा नव्या आल्या, आणि त्याच सुमारास इक्बालभाईंनी बातमी दिली. त्यांची इमारत पाडणार. होळी झाली की घरं रिकामी करायची, आणि ते मुलाच्या फ्लॅटमध्ये जाणार, दुसऱ्या मजल्यावर. तिथली गच्ची सोसायटीनं कुलपात ठेवलेली. बोलता बोलता खांबाचं काय करणार असं मी विचारलं, तर म्हणाले, भंगारात. तेही अगदी सहज. म्हणजे तो त्यांचा आपल्या आकाशाखालचा शेवटचा हिवाळा होता. आम्ही ठरवलं, या हिवाळ्यात दोघांनी मिळून एकच चित्र करायचं, पण असं करायचं की बघणाऱ्यानं बघत राहावं. मृगाच्या डाव्या अंगाला गुलाबाच्या आकाराचा एक तेजोमेघ आहे, तो निवडला. हायड्रोजन मी घ्यायचा, गंधक त्यांनी, आणि ऑक्सिजन अमावस्येच्या आसपास दोघांनी वाटून.

इथं एक कबुली द्यायला हवी. हायड्रोजन म्हणजे या कामातली मलई. तो भरभरून येतो, पहिल्याच रात्री पाकळ्या दाखवतो. गंधक म्हणजे नुसती हमाली, तासन् तास घासा तेव्हा कुठं चिमूटभर मिळणार. वाटणी मी केली आणि मलई स्वतःच्या ताटात वाढून घेतली. ज्याचा शेवटचा हिवाळा त्याला गंधक दिलं. त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही, आणि मीही मनाशी कारण तयार ठेवलं होतं की माझी दुर्बीण जरा बरी आहे.

मागच्या दसऱ्याला पूजा झाली. इक्बालभाई दरवर्षीसारखे सोनं द्यायला आले. त्यांच्या वर्कशॉपमध्येही कामगार लेथला हार घालतात, पेढे वाटतात, ते उरकून ते आमच्याकडे येतात. मी काचा पाटावरून उचलून आपापल्या डबीत ठेवल्या, गंधकाची डबी त्यांच्या हातात दिली आणि वर एक आपट्याचं पान ठेवलं. त्यांनी डबी दोन्ही हातांनी घेतली होती, हे मला आता आठवतं.

त्या थंडीची आठवण निघाली की मला आधी वास येतात. निफाडकडून रात्री गारठा उतरायचा आणि त्याच्याबरोबर द्राक्षबागांतल्या शेकोट्यांचा धूर. घड गारठू नयेत म्हणून शेतकरी बागेत ओला पालापाचोळा पेटवतात, त्याचा तो कडवट, ओलसर वास. गच्चीवर कानटोपी घालून मी लॅपटॉपसमोर बसलेला, पायाशी हळदीच्या दुधाचा थर्मास. दव पडू नये म्हणून दुर्बिणीच्या तोंडाला गुंडाळलेला गरम पट्टा, त्यावर हात ठेवून मीच शेकून घ्यायचो. तिकडं नाशिक रोडला इक्बालभाई आपल्या गच्चीवर, पाठीमागं स्टेशनची अनाउन्समेंट. फोन चालू ठेवून आम्ही दोघं तासभर गप्प बसायचो. मधेच ते म्हणायचे, पंचवटी एक्स्प्रेस गेली. किंवा मी म्हणायचो, ढग आला. एवढंच बोलणं, पण त्या फोनची सवय झाली होती.

संध्याकाळची एक वेगळीच पूजा असायची. काचेवर, आरशावर धूळ असते, ती फोटोत काळे डाग पाडते. आम्ही ती पुसत नाही, कारण पुसली की नवी येते, वेगळ्या जागी. त्याऐवजी दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून सांजउजेडाचे फोटो घ्यायचे, म्हणजे धूळ जशी आहे तशी नोंदली जाते आणि मग मूळ चित्रातून वजा करता येते. कापड म्हणून मी जुना बनियन वापरत असे. इक्बालभाईंकडे शमीमभाभींची एक पांढरी मलमलची ओढणी होती, तिला बनियनाची सर येत नाही हे मी मान्य करतो. तसंच काही फोटो झाकण लावून घ्यायचे. पूर्ण अंधाराचे. त्यात दिसतो तो कॅमेऱ्याचा स्वतःचा दोष, त्याची अंगचीच खरखर, तीही वजा करायची. मी हे झाकणाचे फोटो फार निगुतीनं घेतो. कॅमेऱ्याचा दोष मला अगदी अचूक माहीत होता, माझा स्वतःचा शोधायला मात्र झाकण लावून बसावं असं कधी सुचलं नाही. सुनंदाला हे सांगितलं तर ती म्हणाली, मला विचारलं असतंत तर यादी दिली असती.

आणि इकडं माझा हायड्रोजन येत नव्हता. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, आणि माझ्या चित्रात गुलाबाऐवजी एक फिकट डाग, भिंतीला ओल आल्यासारखा. भौतिकशास्त्राचा मास्तर मी, पण कारणं काय शोधली बघा. आधी मंगल कार्यालयाला शिव्या दिल्या. मग द्राक्षाच्या धुराला, मग महापालिकेला, मग दवाला. कॅमेरा तर खोलून परत बसवला. काच तेवढी मी तपासली नाही. नवी कोरी, पूजा केलेली काच, तिच्यात काय दोष असणार.

डिसेंबरात इक्बालभाई एकदा अचानक घरी आले आणि माझ्या दुर्बिणीला एक पितळी चक्की बसवून गेले. फोकस करायची. स्वतः लेथवर उतरवलेली, कडेला बारीक दाते, आणि इतकी घासलेली की तीत तोंड दिसावं. मी विचारलं, हे कशाबद्दल. ते नुसते हसले, म्हणाले असंच, थंडीत तुमची बोटं आखडतात म्हणून. बोटं दहा वर्षं आखडत होती, मग आत्ताच कसं सुचलं, असा विचार माझ्या मनात आला आणि गेला.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आमच्या आकाशप्रेमी मंडळाची बैठक होती, एका शाळेच्या वर्गात. दहा-बारा माणसं, पडदा, प्रोजेक्टर, आणि नंतर मिसळ. इक्बालभाईंनी आपलं गंधक दाखवलं. पडद्यावर तो गुलाब असा उघडला की मागच्या बाकांवरचे उठून पुढे आले. पाकळी न् पाकळी सुटी, मधे काळ्या धुळीचे बारीक ठिपके, ओळीनं चाललेल्या मुंग्यांसारखे. आणि मग टाळ्या. इक्बालभाई लाजून प्रोजेक्टरच्या वायरशी काहीतरी करत राहिले. माझ्या पेन ड्राइव्हमध्ये माझा तो ओलीचा डाग होता. तो मी खिशातून काढलाच नाही.

मला काय झालं होतं ते आज साध्या शब्दांत सांगतो. मला जळफळाट झाला होता. आणि जळणाऱ्या माणसाचं डोकं कधी कधी फार तल्लख चालतं. मी पाहिलं आणि मला कळलं, हे गंधक नव्हेच. गंधक असं येत नाही, इतक्या तासांत तर नाहीच. हा हायड्रोजन होता. म्हणजे या माणसानं कुठून तरी दुसरी काच पैदा केली, ठरलेली हमाली सोडून सोपं ते घेतलं, आणि वर गंधक म्हणून टाळ्या घेतो आहे. मी उभा राहिलो आणि वर्गात शिकवायच्या आवाजात, सगळ्यांसमोर म्हणालो, "हे गंधक नाही. हा हायड्रोजन आहे. इक्बालभाई, ठरलं काय होतं आणि तुम्ही केलं काय?"

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. ओळखीच्या रस्त्यावर एकाएकी वाट चुकल्यावर माणूस जसा बघतो, तसं. मग "बरं सर" एवढंच म्हणून लॅपटॉप बंद केला, पिशवीत घातला आणि गेले. मिसळीला थांबले नाहीत. मी थांबलो. खाल्लीही. चव काही लागली नाही, पण उठून जायची हिंमतही झाली नाही.

संध्याकाळी त्यांचा मुलगा सुनंदाजवळ एक पिशवी देऊन गेला. आत गंधकाची डबी, ऑक्सिजनची डबी, दोन्ही त्या पांढऱ्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळलेल्या. चिठ्ठी नव्हती. सुनंदानं विचारलं काय झालं, मी सांगितलं. ती म्हणाली, फोन करा. मी म्हणालो, चूक त्यांची आहे, फोन त्यांनी करायचा. तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं, तिसऱ्या दिवशी म्हणायचं सोडलं. फेब्रुवारीचं आकाश यंदा असं स्वच्छ होतं की काय सांगू. रोज रात्री मृग आपला ठरल्या वेळी डोक्यावर येऊन उभा. मी गच्चीवर जायचो, फोन बाजूला ठेवायचो, आणि ती शांतता सहन न होऊन खाली यायचो. पंचवटी गेली असं सांगायला कुणी नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात मला एक कल्पना सुचली. काचेच्या दुकानदाराला खरमरीत ईमेल लिहायची, की तुमचा हायड्रोजन फिल्टर कुचकामी आहे. पण मास्तर माणूस पुराव्याशिवाय लिहीत नाही. म्हणून मी तुलनेसाठी दोन्ही लाल काचा खिशात घालून जुन्या कॉलेजात गेलो. प्रॅक्टिकल परीक्षा आटपल्या होत्या, प्रयोगशाळा रिकामी. तिथले गावित शिपाई सुरगाण्याकडचे, माझ्यासोबत पंचवीस वर्षं काढलेले. त्यांना हायड्रोजनची नळी लावायला सांगितली. ही पातळ काचेची नळी, आत हायड्रोजन भरलेला. वीज दिली की गुलाबी पेटते. पोरांच्या किती तुकड्यांना मी ती दाखवली असेल. गावित म्हणाले, "सर, जपून. नळी एकच राहिली हे." मग त्यांनी पडदे ओढले.

नळी पेटली. तो जुना गुलाबी उजेड, आणि ट्रान्स्फॉर्मरची बारीक गुणगुण. मी माझ्या हायड्रोजनच्या डबीतली काच डोळ्याला लावली. काळोख. नळी विझली की काय म्हणून काच काढून पाहिली, तर ती पेटलेलीच. परत लावली. काळोख. मग मी ओढणीतली डबी उघडली. गंधकाची. ती काच डोळ्याला लावली आणि समोर लालभडक रेघ उभी राहिली, तापल्या सळईसारखी.

दिवसाउजेडी या दोन्ही काचा सारख्याच दिसतात, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीसारख्या, जवळजवळ काळ्या. ऑक्सिजनची हिरवी म्हणून ओळखू येते, पण या दोघी जुळ्या बहिणी. कडेला नाव नाही, गाव नाही. नाव फक्त डबीवर. मी तिथंच स्टुलावर बसलो. म्हणजे अख्खा हिवाळा मी हायड्रोजन समजून गंधक घासत होतो. आणि इक्बालभाईंनी आणला तो हायड्रोजनच होता, मी दिलेला. पडद्याकडे बघून मी जे बोललो त्यातलं शास्त्र शंभर टक्के बरोबर होतं. बाकी सगळं पाप होतं. गावितांनी विचारलं, नळी बंद करू का. मग त्यांनी आपणच बटण बंद केलं आणि पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

घरी आल्या आल्या मी काय केलं असेल? सुनंदावर घसरलो. पूजेत तूच काचांची अदलाबदल केलीस म्हणालो. ती पोळ्या लाटत होती. लाटणं खाली न ठेवता म्हणाली, "मी पाकळ्या वाहिल्या. डब्या तुम्ही बंद केल्यात. त्या काचांना मला बोट तरी लावू देता का तुम्ही?" खरं होतं. मला ते दृश्य लख्ख दिसलं. इक्बालभाई दारात आलेत, मी बोलता बोलता, त्यांच्याकडे बघत, काचा उचलतोय आणि हाताला लागेल त्या डबीत ठेवतोय.

मी तसाच स्कूटर काढून निघालो. वडाळ्यावरून, उपनगर करत. वाटेत द्राक्षांच्या क्रेटनी भरलेला एक टेम्पो पुढे होता, त्याचा गोड वास नाशिक रोडपर्यंत सोबतीला. काय बोलायचं ते मी चार वेळा घोकलं होतं. वर्कशॉपमध्ये ते एकटेच होते, लेथवर कसलीशी दांडी लावलेली, चक्र फिरत होतं. मला बघून मशीन बंद केलं. तसंच, पहिल्या दिवशीसारखं. मी दोन्ही डब्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. पाट, पाकळी, डबी, नळी, काळोख. घोकलेलं एकही वाक्य आलं नाही. शेवटी म्हणालो, भाई, चोर मी होतो, तुम्हाला चोर म्हणालो.

त्यांनी फडक्यानं हात पुसले. मग म्हणाले, "सर, हा हायड्रोजन आहे हे मला पहिल्याच रात्री कळलं होतं. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम दिला. माझी गच्ची चालली, म्हणून जाता जाता चांगलं ते मला दिलं आणि हलकं स्वतः घेतलं. बोलून दाखवलं तर त्याची किंमत जाईल, म्हणून मी गप्प राहिलो."

मी त्यांच्याकडे पाहूच शकलो नाही. त्या पितळी चक्कीचा अर्थ मला तेव्हा लागला. आणि मंडळात गंधक म्हणून ते चित्र का दाखवलं, हेही. माझं गुपित ते राखत होते. मी दिलेलं दान ते झाकून ठेवत होते, आणि मी भर वर्गात उठून त्यालाच चोरी म्हणालो. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ज्या चांगुलपणाबद्दल हा माणूस तीन महिने मनातल्या मनात माझे आभार मानत होता, तो माझ्यात नव्हताच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते लपवलं नाही. त्यांनी बाहेर हाक मारून दोन कट चहा सांगितले.

त्या बैठकीच्या संध्याकाळीच त्यांनी दुर्बीण खांबावरून उतरवून खोक्यात भरली होती. शमीमभाभींनी नंतर सुनंदाला सांगितलं, गच्चीकडे जायचा जिनासुद्धा ते टाळत होते. मी खूप विनवलं, अजून होळीला वेळ आहे, लावू या. त्यांनी लावलीही, पण तोवर चंद्र मोठा झाला होता आणि मग आभाळ आलं. त्यांच्या गच्चीवरची ती फेब्रुवारीची तीन आठवड्यांची स्वच्छ आकाशं मी खाल्ली. होळीनंतर इमारत पडली. ते आता कशानं भरून येणार?

चित्र मात्र पूर्ण झालं, यातली चेष्टा बघा. पूर्ण होण्यासारखं सगळं होतंच. त्यांच्याकडे हायड्रोजन, माझ्याकडे न कळत जमलेलं भरपूर गंधक, फक्त नावं बदलायची होती. माझा तो ओलीचा डाग गंधक म्हणून बघितला तर उत्तम निघाला, मंडळातल्या लोकांनी तोंडात बोटं घातली. पुढच्या बैठकीत मी उभा राहून सगळं सांगितलं, त्याच वर्गात, त्याच आवाजात. सांगून झाल्यावर इक्बालभाईंनी फक्त विचारलं, सर, मिसळीला थांबताय ना? तो गुलाब आता त्यांच्या वर्कशॉपच्या भिंतीवर आहे, तेलाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या कागदात.

खांब भंगारात गेला नाही. टेम्पोत घालून आमच्या गच्चीवर आला, माझ्या स्टँडपासून दोन हातांवर उभा आहे. तो बसवायला आले त्या दिवशी त्यांनी खिशातून दोन अॅल्युमिनियमची कडी काढली, काचांना घालायची. एकाच्या कडेला एक खाच, दुसऱ्याच्या दोन. अंधारात, थंडीनं बधिर झालेल्या बोटांनाही कळावं म्हणून. एक म्हणजे हायड्रोजन, दोन म्हणजे गंधक. चूक झाली त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, त्यांनी कडी करून आणली.

आज सकाळी पूजा झाली आणि थोड्या वेळानं ते आलेच, आपट्याची पानं घेऊन. सुनंदा म्हणाली, डब्या यंदा मी बंद करणार, आणि केल्याही, प्रत्येक कड्यावरून बोट फिरवून. मी एका खाचेचं कडं डबीतून परत काढलं, त्यांच्या तळहातावर ठेवलं, वर पान ठेवलं. म्हणालो, "भाई, या वेळी मुद्दाम देतोय."

त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. अंगठ्यानं खाच चाचपली आणि म्हणाले, "सर, मी तर मागच्या वेळचाही तुम्ही मुद्दामच दिलात असं धरतो."

सुनंदा आतून विचारत होती, चहात आलं घालू का. इक्बालभाईंनीच सांगितलं, घाला म्हणून.